पद्मिनीचा मेळावा आणि मिस्त्रींची खुर्ची

गेल्या रविवारी विश्रामबागेत आम्हा पद्मिनीवाल्यांचा, म्हणजे जुन्या प्रीमियर पद्मिनी मोटारी बाळगणाऱ्यांचा, मेळावा झाला. सांगली-मिरजेच्या, तासगावच्या, विट्याच्या आणि थोड्या कोल्हापूरकडच्या अशा तेवीस गाड्या आल्या होत्या. चहा आणि भडंग झाले, ओळीने उभ्या केलेल्या गाड्यांसमोर फोटो निघाले, परीक्षकांनी तीन गाड्यांना चषक दिले आणि साडेअकराच्या सुमारास मैदान रिकामे होऊ लागले. तोवर एकाही गाडीचे बॉनेट उघडले गेले नव्हते. निघताना विट्याची एक पांढरी पद्मिनी काही केल्या चालू होईना, तेव्हा सकाळपासून लिंबाच्या सावलीत उभे असलेले मिरजेचे आमचे मिस्त्री पुढे आले. त्यांनी डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची, टोपी काढली, त्यातल्या पॉइंटवरची काजळी पॉलिश पेपरच्या चिमूटभर तुकड्याने साफ केली, फट नजरेनेच जुळवली, टोपी परत बसवली आणि मालकांना म्हणाले, "आता मारा सेल्फ." गाडी पहिल्याच सेल्फला लागली. तेवढ्या वेळात त्या बॉनेटभोवती पंधरा-वीस माणसे जमली होती आणि कॉलेजची दोन मुले मिस्त्रींच्या हातांचा व्हिडिओ काढत होती. चषक देताना एवढी गर्दी नव्हती.

तेव्हापासून मनात घोळत असलेली गोष्ट आज सविस्तर लिहितो आहे. एकाच बनावटीच्या गाड्यांचे मेळावे भरवायचे असतील, तर त्या गाड्या चालत्या ठेवणारी माणसे आणि त्यांच्या हातातली विद्या यांना तिथे पहिले स्थान मिळाले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे. आज ते स्थान रंगाला आणि चकाकीला मिळते आहे, आणि हे असेच चालू राहिले तर आणखी दहा-पंधरा वर्षांनी आपल्याकडे सुंदर दिसणाऱ्या, पण ट्रकवरून आणाव्या लागणाऱ्या गाड्या उरतील.

आपल्या भागाचे या गाडीशी असलेले नाते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ मध्ये काढणारे वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथसारख्या अमेरिकन गाड्या निघाल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला आणि पन्नासच्या दशकात ती गोल पाठीची 'फियाट ११००' गाडी आली, जिला आपल्याकडे आजही 'डुक्कर फियाट' म्हणतात. १९६४ मध्ये चौकोनी अंगाची डिलाइट आली आणि तीच थोड्या बदलांनिशी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टेअरिंगच्या दांड्याला गिअर, हा तिचा साचा पुढे अनेक वर्षे फारसा बदलला नाही. धोंडूमामा साठे यांनी १९४७ मध्ये सांगलीत सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचेच नाव दिले गेले. म्हणजे आमचा मेळावा ज्या विश्रामबागेत भरतो, तिथेच या गाडीच्या निर्मात्याच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे, आणि तिथल्या विद्यार्थ्यांना आम्ही आजवर एकदाही रीतसर बोलावलेले नाही. परवाची ती दोन मुले रस्त्याने जाता जाता गाड्या पाहून आत आली होती.

माझी गाडी १९७८ ची आहे. वडिलांनी ती १९८६ मध्ये मिरजेच्या एका डॉक्टरांकडून घेतली. मे महिन्यात पुण्याला जाताना खंबाटकीच्या चढावर ती हटकून धाप टाकायची. वडील शांतपणे गाडी कडेला घ्यायचे, पंचा पाण्यात भिजवून एसी पंपावर गुंडाळायचे आणि आम्हाला म्हणायचे, "दहा मिनिटं पाय मोकळे करा." हा पेट्रोल ओढणारा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो, त्यामुळे चढावर इंजिन तापले की त्यातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. ओला पंचा वाफेचे परत पेट्रोल करतो. ही युक्ती वडिलांना मिस्त्रींनी शिकवली होती. प्लगची फट मोजायला गेज नसेल तर हॅकसॉचे पाते सरकवून पाहावे, कारण ते साधारण ०.६ मिलिमीटर जाडीचे असते, हेही त्यांनीच सांगितलेले. हे ज्ञान गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत नव्हते आणि यूट्यूबवर जे सापडते, त्यात आपल्या हवेचा, आपल्या घाटांचा आणि आपल्या पेट्रोलचा विचार क्वचितच असतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये या विद्येची किंमत मला प्रत्यक्ष कळली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि त्या वेळी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. आमचे घर गावभागात. माणसे वेळेवर बाहेर पडली, गाडी मात्र अंगणातच राहिली आणि स्टेअरिंगच्या वरपर्यंत बुडाली. पाणी ओसरल्यावर परतलो तेव्हा डॅशबोर्डवर बोटभर गाळ साचला होता आणि मागच्या सीटवर कुणाच्या तरी देव्हाऱ्यातली तांब्याची पळी येऊन पडली होती. शेजारच्या दोन नव्या गाड्या विमा कंपनीने मोडीत काढल्या, कारण त्यांच्यातील इलेक्ट्रॉनिक्स पार गेले होते. मिस्त्री तिसऱ्या दिवशी डिझेलचे दोन कॅन घेऊन आले आणि पहिले वाक्य बोलले ते, "सेल्फला हात लावला नाहीत ना?" आम्ही लावला नव्हता. त्यांनी प्लग काढले, चेंबरमधले ऑइल सोडले, तेव्हा दुधाच्या कॉफीसारखे काहीतरी गळू लागले. प्लगच्या भोकांतून डिझेल ओतून ते दोन दिवस मुरू दिले, मग चौथा गिअर टाकून आम्ही चौघांनी गाडी हाताने तसूतसूने पुढे-मागे ढकलली. कान इंजिनकडे लावून मिस्त्री म्हणाले, "सुटलं." चाकांची बेअरिंगे, ब्रेकचे ड्रम आणि स्टार्टर खोलून उन्हात वाळवले, ऑइल तीनदा बदलले. वायरिंग मात्र पुरते गेले होते. तेव्हा आमच्याच ग्रुपमधल्या कराडच्या एका सदस्याने आपल्या भंगारातल्या गाडीचे अख्खे वायरिंग काढून पाठवले आणि पैशांची गोष्टच काढू दिली नाही. अकराव्या दिवशी इंजिन चालू झाले, तेव्हा वडील अंगणात खुर्ची टाकून बसले होते आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

ज्या ग्रुपमुळे आणि ज्या माणसामुळे हे घडले, त्यांच्या मेळाव्यात मिस्त्रींना झाडाखाली उभे राहावे लागते, ही गोष्ट मला लागली आहे. कुणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. गाडीवाले खुर्च्यांवर आणि मिस्त्री कडेला, ही सवयच झाली आहे आणि ती मोडली पाहिजे.

सुट्या भागांचा प्रश्न तर दरवर्षी अवघड होत चालला आहे. मुंबईच्या रस्त्यांवर काळ्या-पिवळ्या पद्मिनी धावत होत्या, तोवर किंग पिनचे संच, क्लच प्लेट, पंपाचे पडदे आणि दाराची रबरे बनवणाऱ्याला गिऱ्हाईक होते. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि तिची २० वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. त्यानंतर आम्हा हौशी लोकांच्या चार-दोन गाड्यांसाठी कोण साचा जपून ठेवणार? मेळाव्यात प्रत्येकाने आपल्याकडे काय शिल्लक आहे आणि काय हवे आहे याची यादी आणली, तरी निम्म्या अडचणी जागेवर सुटतील. एकाच्या माळ्यावर पडलेला दिव्याचा काचगोळा दुसरा वर्षभर शोधत असतो, हे मी स्वतः पाहिलेले आहे.

आता चषकांविषयी, कारण याच मुद्द्यावर काही मित्र माझ्यावर नाराज होतील. परवा पहिला आलेल्या गाडीबद्दल मला आकस नाही. मालकांनी तिच्यावर मनापासून खर्च केला आहे. पण तिचा रंग त्या गाडीला कारखान्यात कधीच नव्हता, सीटवर नव्या गाडीचे कापड आहे, आणि पत्र्यावर बोट वाजवले तर ठिकठिकाणी पुट्टीचा बद्द आवाज येतो. तिच्या शेजारीच तासगावच्या एका निवृत्त शिक्षकांची गाडी उभी होती. तिच्या छताचा रंग उडालेला, पण पत्रा मूळचा, दाराच्या तिकोनी काचेची कडी मूळची आणि १९८१ पासूनच्या प्रत्येक दुरुस्तीची नोंद त्यांनी एका वहीत शाईने लिहून ठेवलेली. त्या वहीकडे परीक्षकांनी पाहिलेही नाही. माझ्या मते त्या मेळाव्यातली सर्वांत मोलाची वस्तू ती वही होती.

मूळपणाला आता कायद्यानेही महत्त्व आले आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठे फेरबदल न केलेल्या खासगी गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय केली. नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, १० वर्षांची मुदत आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरे, असे त्याचे स्वरूप आहे. पहिल्या पद्मिनी २०२४ मध्येच पन्नाशीला पोहोचल्या. ज्यांनी इंजिन बदलून डिझेलचे बसवले, चासी कापली किंवा अंगच बदलले, त्यांना हे दार उघडणे कठीण आहे, आणि आम्ही मात्र अशाच बदलांना टाळ्या वाजवून नव्या मालकांना त्या वाटेने पाठवतो आहोत. मी स्वतः, माझ्या गाडीची पन्नाशी भरली तरी, ही नोंदणी करणार नाही. त्या नोंदणीच्या गाडीला प्रदर्शन, रॅली, इंधन आणि दुरुस्ती अशा कारणांपुरतेच रस्त्यावर येता येते, आणि मला तर आईला हरिपूरला संगमेश्वराच्या दर्शनाला त्याच गाडीतून न्यायचे असते. दर पाच वर्षांनी आरटीओत जाऊन नेहमीची नोंदणी वाढवून घेणे मला जास्त पटते. मात्र ज्यांना व्हिंटेज नोंदणी करायची आहे, त्यांना कागदपत्रांची माहिती मेळाव्यात मिळाली पाहिजे.

आणखी एक विषय तातडीचा आहे, तो पेट्रोलचा. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. आपला जिल्हा उसाचा, इथेनॉलने कारखान्यांना आणि पर्यायाने शेतकऱ्यांना चार पैसे मिळतात, म्हणून मी त्याच्या विरोधात एक शब्दही काढणार नाही. पण आपल्या गाड्यांची रबरे या मिश्रणासाठी बनलेली नाहीत, हे खरे आहे. गेल्या पावसाळ्यात माझी गाडी दीड महिना उभी राहिली आणि नंतर कार्बोरेटर उघडला, तर वाटीच्या तळाशी पांढरट, चुन्याच्या निवळीसारखा थर बसलेला, आणि पंपाचा पडदा फुगून पापडासारखा वाकलेला. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते, तो टाकीत साठतो आणि धातूला खातो. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते आणि त्याच्यातच ऑक्सिजन असतो, त्यामुळे कार्बोरेटरमधल्या जुन्या जेटवर, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकावर, इंजिनाला पेट्रोल-हवेचे मिश्रण पातळ पडते, गाडी तापते आणि चढावर मार खाते. मिस्त्रींनी माझ्या गाडीला इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घातल्या, मेन जेट एक नंबरने मोठा केला आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व वाटी रिकामी करायला सांगितली. तेवीस मालकांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे? परवा हे सांगण्यासाठी माईक होता, वेळ होता आणि सांगणारा माणूसही मैदानावर होता.

मिरजेतल्या शिकलगारांचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरच आहे. हत्यारे घडवणाऱ्या त्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंबोरे आणि सतारी घडवायला घेतल्या, ती विद्या बापाकडून मुलाकडे आली आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे मिस्त्री त्याच गावचे. त्यांचे वय आता एकाहत्तर, दोन्ही मुले वेगळ्या नोकरीत आणि हाताखाली एकही शिकाऊ पोरगा नाही. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्याइतकाच बारीक कान त्यांना टपेटच्या, म्हणजे इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांच्या, आवाजाला आहे, आणि तो कान कुणीतरी त्यांच्याजवळ बसून शिकला नाही, तर तो तिथेच थांबेल.

म्हणून पुढच्या मेळाव्यासाठी आयोजक मित्रांपुढे माझे म्हणणे स्पष्टपणे ठेवतो. आल्याबरोबर सगळ्यांनी बॉनेट उघडावीत. मिस्त्रींना आणि तासगाव, कराडकडच्या त्यांच्या जोडीच्या कारागिरांना सन्मानाने आमंत्रण द्यावे, त्यांच्या दिवसाच्या कामाची पूर्ण मजुरी ग्रुपने द्यावी आणि सकाळचा पहिला तास त्यांच्या हाती सोपवावा. त्या तासात एका गाडीचे टायमिंग, एकीचा कार्बोरेटर आणि एकीचे ब्रेक सर्वांसमोर उघडून जुळवले जावेत, आणि त्याचे नीट चित्रीकरण व्हावे. महाविद्यालयातल्या यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांना लेखी निमंत्रण जावे. चषक द्यायचाच असेल, तर एक चषक सर्वांत जास्त मूळ भाग असलेल्या गाडीला आणि एक दुरुस्तीची वही ठेवणाऱ्या मालकाला द्यावा. यासाठी लागणाऱ्या खर्चातला माझा वाटा मी आजच जमा करायला तयार आहे.

काल संध्याकाळी मिरजेला जाऊन हे सगळे मिस्त्रींच्या कानावर घातले. ते बराच वेळ पान्हा पुसत राहिले आणि म्हणाले, "साहेब, येतो मी. पण गुडघ्यामुळे तासभर उभं राहवत नाही." मी त्यांना सांगून आलो आहे की ओळीतल्या पहिल्या गाडीच्या बॉनेटशेजारी त्यांची खुर्ची असेल. ती खुर्ची मी घरून आणणार आहे.