फुटव्हॉल्व्हनं खाल्लेला शनिवार-रविवार

उन्हाळ्यातला शांत शनिवार-रविवार म्हणे! गावाकडचं घर, दोघंच जण, सकाळी झाडांना पाणी, दुपारी सावलीत लोळायचं, संध्याकाळी निवांत गप्पा. हे चित्र ज्यांनी रंगवलं त्यांच्या विहिरीवर मोटर नसणार, एवढं नक्की. कारण शनिवारी सकाळी सात वाजता बटण दाबलं की मोटर घूं करून मस्त फिरते आणि नळातून येते ती फुस्स करून हवा.

पाणी उचलत नाही. संपला शनिवार.

मग सुरू होतं प्रायमिंग, म्हणजे पंप आणि त्याचा पाइप पाण्यानं भरणं. पंपाच्या डोक्यावरचा नट काढायचा, नरसाळं लावायचं, बादलीनं पाणी ओतायचं, बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहायचं. इथंच निम्मे लोक डोकं गहाण ठेवतात. अरे, मोजा ना किती ओतताय! दोन इंची पाइपात मीटरला साधारण दोन लिटर पाणी मावतं. पंप पाण्यापासून सात मीटरवर असेल तर सक्शन पाइप, म्हणजे विहिरीतून पंपापर्यंत येणारा पाइप, भरायला चौदा लिटर आणि पंपाच्या पोटातलं थोडं वेगळं. म्हणजे एक मोठी बादली. तिसरी बादली ओतूनही पाणी काठाला येत नसेल तर तुम्ही पंप भरत नाही आहात, विहिरीचं पाणी विहिरीत परत ओतताय. खाली फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या टोकाला पाणी परत उतरू न देणारी झडप, उघडाच बसलाय. पण नाही, चौथी बादली आणा!

आणि पंप काठोकाठ भरला तरी लगेच बटण दाबायची घाई कशाला? दहा मिनिटं थांबा, पाण्याच्या पातळीकडे बघत बसा. पातळी उतरली तर फुटव्हॉल्व्ह धरत नाही. पातळी हलली नाही, मोटर चालू केल्यावर पाणी आलं आणि पाच मिनिटांत तुटलं, तर दुखणं वेगळं आहे, कुठून तरी हवा शिरतेय. दहा मिनिटांची ही तपासणी. ती सोडून लोक थेट स्टार्टर उघडून बसतात, मोटरला फिरायला धक्का देणारा कॅपॅसिटर बदलतात. मोटर फिरतेय की तुमच्या डोळ्यांदेखत! कॅपॅसिटर गेला असता तर नुसती गुणगुणून तापली असती, फिरली नसती.

सगळ्यात डोक्यात जातो तो सल्ला, ‘मोठी मोटर बसवा.’ एक हॉर्सपॉवरची काढा, तीनची बसवा. अहो, विहिरीच्या वर बसवलेला पंप पाणी ओढत नाही, हवेचा दाब पाणी वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी फार तर १०.३ मीटर चढवू शकतो, आणि तेही कागदावर. तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञानं १६४३ साली पाऱ्याच्या नळीचा प्रयोग करून ही हवेची ताकद दाखवून दिली, त्याला पावणेचारशे वर्षं उलटून गेली. पाइपातलं घर्षण, एल्बो म्हणजे पाइपाची वळणं, फुटव्हॉल्व्हची जाळी हे सगळं वजा केलं की हातात राहतात सहा-सात मीटर. घर उंचावर असेल तर दर हजार मीटरला आणखी मीटरभर कापा. मोटर तीनची लावा नाहीतर तीसची, हा आकडा बदलत नाही. उन्हाळ्यात पाणी दोन मीटर खाली गेलं की कालपर्यंत सहावर चालणारा पंप आज आठवर हवा खात बसतो. पंप खाली न्या, पाण्याजवळ. पाणी फारच खोल गेलं तर पाण्यात बुडणारा पंप घ्या. पण वरच्या पंपाला शिव्या देऊ नका आणि त्याचा मोठा भाऊ आणून बसवू नका.

आता फुटव्हॉल्व्ह. एवढीशी वस्तू. आत एक झडप, झडपेला रबर किंवा चामड्याची चकती, खाली जाळी. त्या चकतीखाली वाळूचा एक कण किंवा काडी अडकली की अख्खा पाइप रात्रभरात रिकामा. आणि हा व्हॉल्व्ह विहिरीच्या तळाला टेकवून ठेवणारे महाभाग आहेतच, ‘जास्त पाणी मिळेल’ म्हणून. मिळतो गाळ. तळापासून किमान फूटभर वर हवा. आणि जाळीवर निदान दीड-दोन फूट पाणी हवं, नाहीतर वरून भोवरा पडतो आणि पाण्याबरोबर हवाही आत. उन्हाळ्यात या दोन्ही अटी एकदम पाळायच्या म्हणजे पाइपची लांबी पातळीप्रमाणे बदलता आली पाहिजे. पण पाइप बसवणाऱ्यानं पावसाळ्यातली पातळी बघून पाइप कापलेला असतो. त्याचं काय जातंय!

पाइप वर ओढताना एक गोष्ट हाताला कळते. जड लागला तर व्हॉल्व्ह पाणी धरतोय, तो निर्दोष. हलका फुलासारखा वर आला तर चोर सापडला. चकती बदला, बसायची जागा कापडानं पुसून बोट फिरवून बघा, खड्डा पडला असेल तर नवी चकतीही धरणार नाही. आणि नवा व्हॉल्व्ह घेताना हातात धरून उलट्या बाजूनं पाणी भरून बघा. नवा कोरा व्हॉल्व्ह दुकानातच गळत असतो आणि आपण तो सात मीटर खाली सोडून मग रडतो.

हवा शिरण्याचा प्रकार याहून हलकट. सक्शनच्या बाजूला फट असेल तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणजे बघायला काही नाहीच! जॉइंट कोरडा ठणठणीत, आणि म्हणून सगळे म्हणतात ‘हा बरोबर आहे.’ मोटर चालू असताना प्रत्येक जॉइंटवर साबणाचा घट्ट फेस लावा. जिथं फेस आत ओढला जाईल तिथं फट. उन्हानं सुकलेलं फ्लँजचं (पाइपाच्या बोल्ट लावलेल्या जोडाचं) रबर, नाहीतर आट्यांवर उलटी गुंडाळलेली टेफ्लॉन टेप. टेप आटे आवळण्याच्या दिशेनं गुंडाळायची असते, उलटी गुंडाळली तर फिटिंग फिरवताना तीच सुटून गोळा होते. आणि सक्शनचा पाइप पंपाकडे सतत चढता हवा. मध्ये कुठं उंटाची पाठ झाली की हवा तिथं मुक्काम ठोकते. पैसे वाचवायला पंपाच्या तोंडापेक्षा बारीक पाइप जोडणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही, तोंड खराब होईल.

व्होल्टेजचं थोडक्यात. २०% कमी झालं तर मोटरचा जोर २०% नाही, ३६% कमी होतो, कारण जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. सगळ्यांच्या मोटरी एकाच वेळी चालू असतात तेव्हा व्होल्टेज पडतं, त्या वेळी तासभर थांबणं स्वस्त पडतं.

या सगळ्यात दोघांच्या संसाराची काय दशा होते ते कुणी सांगत नाही. एक जण विहिरीवर नरसाळं धरून, दुसरं घरात बटणापाशी, मध्ये पन्नास पावलं आणि एक भिंत.
‘अहो, लावू का?’
‘थांब!’
‘काय? लाव?’
‘थांब म्हणतोय!’
आणि मोटर चालू. नट उघडाच, पाण्याचा फवारा थेट तोंडावर, तिथंच मोटरची वायर चिखलात. यात विनोद काही नाही, यात माणसं मरतात. पंपाला हात लावायच्या आधी मेन स्विच खाली आणि फ्यूज काढून खिशात. ज्याचा हात पंपावर, त्याच्याच खिशात फ्यूज. ओरडून मोटर चालवायची नसते.

शेवटी रविवारी संध्याकाळी पाणी येतं. आधी गढूळ, मग थुंकत थुंकत, मग एकसंध धार. आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून कुणीतरी शहाणा पान्हा घेऊन येतो, ‘अरे, ग्लँड गळतंय, आवळून देतो.’ नको! ग्लँड म्हणजे फिरता दांडा (शाफ्ट) पंपात शिरतो तिथली दोरी भरलेली जागा. तिथून थेंब पडायलाच हवेत, सेकंदाला एखादा. तेच पाणी ग्लँडच्या दोरीला थंड ठेवतं. कोरडं ठाक आवळलं की दोरी जळते, शाफ्टवर चर पडतो आणि तिथूनच हवा आत शिरायला लागते. धार लागली असेल तर दोन्ही नट सारखे, पाव-पाव फेरा, आणि तेही मोटर बंद करून. थेंब पडू दे. पान्हा ठेव खाली.