चष्मा गेला, डोळे राहिले

लग्नाचं बघायला सुरुवात झाली की घराघरांत मुलीच्या चष्म्याचा विषय निघतो आणि मग मला मेसेज येतात, "ताई, तुम्ही लेसर केलंय ना? करू का?" माझं उत्तर आधीच सांगते. मायनस सहाचा नंबर होता, तो गेला आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. सकाळी उठल्या उठल्या भिंतीवरचं घड्याळ दिसणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे जाड चष्मा लावलेल्यालाच कळेल.

पण विचारणाऱ्यांचे प्रश्न दोनच असतात. खर्च किती आला आणि दुखलं का? ऑपरेशननंतर कोण बघणार, किती महिने बघणार, रात्री डोळा लाल झाला तर फोन कोण उचलणार, हे कुणीच विचारत नाही. माझ्या मते पैसे भरण्याआधी विचारायचे प्रश्न हेच आहेत.

माझं बुबुळ (म्हणजे इथे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, कॉर्निया) लॅसिक या लेसरच्या प्रकारासाठी पातळ निघालं. लॅसिकमध्ये बुबुळाची वरची पातळ झापड उचलतात, खालचा भाग लेसरने कोरतात आणि झापड परत बसवतात. बुबुळाची मधली जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, म्हणजे ५४० मायक्रॉनच्या आसपास असते. कोरून झाल्यावर झापडेखाली निदान २५० मायक्रॉन शिल्लक राहायला हवेत, आणि बरेच डॉक्टर ३०० चा आग्रह धरतात. म्हणून मला पीआरके सुचवलं. त्यात झापड नसते. वरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर मारतात आणि ती त्वचा भरून येईपर्यंत बँडेज लेन्स घालून ठेवतात. पहिले तीन-चार दिवस डोळ्यांत तिखट गेल्यासारखी आग होते, उजेड सहन होत नाही. नजर स्थिर व्हायला काही आठवडे, कधी काही महिनेही लागतात. हे मला आधी नीट समजावलं होतं, म्हणून मी घाबरले नाही.

समजावलं नव्हतं ते पुढचं. पीआरकेनंतर स्टेरॉइडचे थेंब बराच काळ, हळूहळू कमी करत घालावे लागतात. काही जणांच्या डोळ्याचा दाब या थेंबांनी वाढतो. तो वाढला तरी दुखत नाही, दिसतंही छान, आणि आत डोळ्यामागच्या नजरेच्या नसेचं नुकसान होत राहतं. दाब मोजल्याशिवाय ते कळायचा मार्ग नाही. आपल्याकडे मात्र बाटली संपली की जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून दुसरी आणतात. तपासणीला जायला सुट्टी मिळत नाही आणि दिसतंय तर कशाला जायचं, असंही वाटतं. लॅसिकवाल्यांचंही तेच. दुसऱ्या दिवशीची तपासणी नुसती औपचारिकता नसते. झापड सरकली असेल, तिला सुरकुती पडली असेल किंवा तिच्याखाली सूज येत असेल, तर ते त्या पहिल्या दिवसांतच पकडायचं असतं.

आता ज्यासाठी ही पोस्ट लिहायला बसले ते. काही महिन्यांनी माझे डोळे संध्याकाळपर्यंत चुरचुरायला लागले. रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांभोवती मोठी वलयं दिसायची. जिथे ऑपरेशन झालं तिथे सांगितलं, तर तक्ता वाचायला लावला आणि उत्तर मिळालं, "मॅडम, सिक्स बाय सिक्स आहे, काही प्रॉब्लेम नाही." याचा मला आजही राग आहे. त्या तक्त्यावर अक्षर ओळखता येतं का एवढंच मोजतात. कोरडेपणा त्यात मोजला जात नाही, रात्रीचा चकचकाट मोजला जात नाही. लेसरने बुबुळातल्या बारीक नसा कापल्या जातात, त्यामुळे डोळ्याला कोरडेपणाची खबर नीट लागत नाही आणि पाणी कमी सुटतं. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, काहींचं नाही. दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंनी पापणीत कागदाची पट्टी ठेवून डोळ्यातलं पाणी मोजलं, पापणीच्या कडेच्या तेलग्रंथी बघितल्या, गरम शेक आणि थेंब दिले. मुख्य म्हणजे "होतं असं, आपण बघू" म्हणाल्या. त्या एका वाक्याने अर्धा ताण गेला.

आणि हे माझं एकटीचं रडगाणं नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, लॅसिक केलेल्यांचे दोन अभ्यास केले, एक नौदलातल्या लोकांचा आणि एक सामान्य नागरिकांचा. आधी कोरडेपणाची तक्रार नसलेल्यांपैकी ३० टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी ती सुरू झाली होती. आधी वलयं, चकचकाट असलं काही दिसत नसलेल्यांपैकी ४६ टक्क्यांपर्यंत लोकांना तेव्हा निदान एक तरी लक्षण होतं. त्याच अभ्यासांत ९५ टक्क्यांहून जास्त लोक समाधानी होते आणि रोजच्या कामांत फार अडचण येणारे एक टक्क्याहून कमी होते. म्हणजे समाधानी माणसालाही त्रास असू शकतो. आणि त्या एक टक्क्यातल्या माणसाला "तुमचं ऑपरेशन यशस्वी झालंय" म्हणून घरी पाठवणं मला क्रूर वाटतं.

"तुम्हाला लेसर करता येणार नाही" असं सांगणाऱ्या डॉक्टरवर रागावू नका, हेही पोटतिडकीने सांगते. केराटोकोनसमध्ये बुबुळ पातळ होऊन टोकदार होत जातं आणि अशा डोळ्यावर लॅसिक केलं तर ते आणखी बिघडतं. नागपूरजवळच्या खेड्यांत तिशीपुढच्या लोकांची तपासणी करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण २.३ टक्के आढळलं होतं. त्यात फक्त बुबुळाच्या गोलाईच्या मापावरून निदान केलं होतं, त्यामुळे आकड्यावर वाद होऊ शकतो. तरी ज्या मुलामुलींना सतत डोळे चोळायची सवय आहे, त्यांनी बुबुळाचा नकाशा काढल्याशिवाय पुढे जाऊच नये. एका ठिकाणी नकार मिळाला की "तिकडे करून देतात" म्हणत दुसरीकडे पळणारे मी पाहिलेत. पोटात गोळा येतो.

विम्याचंही विचारतात. साडेसात डायॉप्टरपेक्षा कमी नंबर घालवण्याचा खर्च आपल्याकडच्या आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही. तेव्हा पॅकेज ठरवतानाच पुढच्या किती तपासण्या त्यात धरल्यात ते लिहून घ्या.

ज्यांचं लेसर होऊन दहा-पंधरा वर्षं झालीत, त्यांना एक विनंती. ऑपरेशनआधीचे बुबुळाचे रिपोर्ट आणि जुना नंबर हॉस्पिटलमधून मागून घ्या आणि घरच्या फाईलमध्ये ठेवा. पुढे मोतीबिंदूची लेन्स ठरवताना ते फार उपयोगी पडतात. बुबुळ पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब मशीनवर खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, म्हणून कोणत्याही नव्या डॉक्टरला लेसर झाल्याचं आधी सांगा. मोठा मायनस नंबर होता त्यांचा डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) लेसरने बदललेला नाही, तो फाटण्याचा धोका पूर्वीइतकाच आहे. वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा तपासून घ्या. आणि मधेच काळे ठिपके तरंगायला लागले, वीज चमकल्यासारखं झालं किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं दिसलं, तर सोमवारची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.