मागच्या दाराची किल्ली: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. खिडकीची शीर्षकपट्टी काळी करण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणून जीएलएफडब्ल्यू ही खिडक्या उघडणारी लायब्ररी घ्यायची आणि मग मागच्या दाराने विंडोजची फंक्शन्स बोलवायची, तर सरळ विन३२ मध्येच, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या एपीआयमध्येच, का लिहू नये? दोन, विंडो प्रोसीजर (खिडकीला येणारे संदेश हाताळणारं फंक्शन) बदलणारा माझा कोडचा नमुना धोकादायक आहे.

आधी दुसरा, कारण तिथे चूक माझीच आहे. वापरकर्त्याने मध्येच थीम बदलली तर विंडोज एक संदेश पाठवतं. तो पकडायला मी जीएलएफडब्ल्यूच्या जागी माझी प्रोसीजर बसवली आणि बाकीचे सगळे संदेश विंडोजच्या डीफॉल्ट प्रोसीजरकडे ढकलले. म्हणजे लायब्ररीचे कानच बंद केले. कीबोर्ड, माऊस, आकारबदल, तिला काहीच कळेना. त्यावर कडी म्हणजे बंद करायच्या बटणाचा संदेश. डीफॉल्ट प्रोसीजर तो मिळताच खिडकी नष्टच करते आणि जीएलएफडब्ल्यू आपलं त्या मेलेल्या हँडलला (खिडकीच्या ओळखखुणेला) धरून बसतं. जुन्या प्रोसीजरचा पॉइंटर जपून ठेवायचा आणि उरलेले संदेश कॉलविंडोप्रॉक या फंक्शनने त्याच्याकडेच द्यायचे, हे मला ठाऊक असूनही नमुना आटोपशीर दिसावा म्हणून गाळलं. लेखात आता दुरुस्ती केली आहे.

पहिला आक्षेप मात्र मला पटत नाही. ज्याला तुम्ही मागचं दार म्हणता, त्याची किल्ली घरमालकाने स्वतःच दिलेली आहे. जीएलएफडब्ल्यूसोबत नेटिव्ह, म्हणजे त्या-त्या सिस्टीमचं, हँडल देणारी वेगळी हेडर फाइल येते. एसडीएल या तशाच लायब्ररीतही तशी सोय आहे आणि क्यूटीत त्यासाठी विनआयडी आहे. सगळ्या प्लॅटफॉर्मवर सारखं असेल तेवढंच लायब्ररी देणार, उरलेल्यासाठी हँडल घ्या आणि तुमचं तुम्ही बघा, असा हा रोकडा व्यवहार आहे.

आता शीर्षकपट्टीचंच घ्या. विंडोज ११ वर डीडब्ल्यूएमसेटविंडोअ‍ॅट्रिब्यूट या फंक्शनला पट्टी काळी करणारा, २० क्रमांकाचा गुणधर्म द्यावा लागतो. मॅकवर खिडकी सिस्टीमच्या थीमप्रमाणे आपोआप रंग बदलते, तिथे माझं फंक्शन चक्क रिकामं आहे. लिनक्सच्या वेलँड या खिडकी-व्यवस्थेवरच्या ग्नोम डेस्कटॉपमध्ये तर शीर्षकपट्टी काढणं हे कार्यक्रमाचंच काम. जीएलएफडब्ल्यू ते लिबडेकॉर या लायब्ररीवर सोपवतं, मी त्यात हात घालत नाही. तीन ठिकाणी तीन तऱ्हा, त्या एकाच फंक्शनमागे लपवायला एक छोटी फाइल पुरते. एवढ्यासाठी हजारो ओळी विन३२ मध्ये लिहायच्या म्हणजे खिळा ठोकायला भिंत पाडण्यासारखं आहे.

अट एकच पाळतो: नेटिव्ह कॉल फसला तरी कार्यक्रम चालला पाहिजे. पट्टी पांढरी राहिली म्हणून कोणाचं काम अडत नाही. मूळ कामच अशा कॉलवर अवलंबून असतं, तर मी तुमच्या बाजूने बोललो असतो.

‘फसला तरी’ म्हणतो ते उगाच नाही. पट्टी काळी करणाऱ्या विंडोजच्या कॉलला चार बाइटचा बूल (हो-नाही साठवणारा प्रकार) हवा असतो, विंडोजचा कॅपिटल अक्षरांतला. मी सी++चा बूल दिला, एका बाइटचा, आणि आकारही तेवढाच कळवला. पट्टी पांढरीच. परत आलेला एरर कोड मी बघतच नव्हतो, अख्खी संध्याकाळ ड्रायव्हरवर संशय घेण्यात गेली!

इफडेफच्या (कंपाइल करताना कोडचा कोणता भाग घ्यायचा हे ठरवणाऱ्या अटींच्या) जंगलावर तुम्ही जाता जाता टोमणा मारलाय, त्यात मात्र तुम्हाला वाटतं त्याहून जास्त तथ्य आहे. जीएलएफडब्ल्यूच्या २०२४ मध्ये आलेल्या ३.४ आवृत्तीपासून लिनक्सवर एकच बायनरी (कंपाइल झालेली फाइल) एक्स११ या जुन्या खिडकी-व्यवस्थेवर चालेल की वेलँडवर, हे कार्यक्रम सुरू होताना ठरतं. कंपाइल करताना लावलेली अट तिथे निरुपयोगी. आधी जीएलएफडब्ल्यूगेटप्लॅटफॉर्म या फंक्शनला विचारायचं, मगच हँडल मागायचं. वेलँडवर एक्स११ चं हँडल मागितलंत तर शून्य मिळेल, आणि ते न तपासता एक्स११ च्या एक्सलिब लायब्ररीकडे दिलंत तर कार्यक्रम कोसळलाच म्हणून समजा.

विंडोज १० च्या जुन्या बिल्डवर पट्टी काळी करणारा हाच गुणधर्म १९ क्रमांकाने चालायचा, पण तो अधिकृतपणे नोंदलेला नव्हता, म्हणून मी तो नमुन्यात घातलेला नाही. तुमच्याकडे तसं मशीन असेल आणि करून पाहिलंत, तर काय दिसलं ते जरूर कळवा.