मर्सिडीजमधून भाजी

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते ज्याचं त्याला ठरवता येईल. एकेकाळी श्रीमंतांची म्हणून गाजलेली जुनी गाडी कव्हरखाली झाकून ठेवायची आणि वर्षातून एकदा रॅलीला काढायची, हा छंद मला पटत नाही. त्या माणसांशी माझं वैर नाही. पण ज्या वस्तूचा जन्मच चालण्यासाठी झाला, तिला शोकेसमध्ये बसवून आपण तिची काळजी घेतोय असं समजायचं, हे काही केल्या गळी उतरत नाही.

आमच्याकडे १९९६ ची मर्सिडीज ई २२० आहे. राहतो पार्ले पूर्वेला, घरात चार माणसं, गाडी ही एकच. ऑफिसला मी आणि नवरा दोघंही लोकलने जातो, त्याला मुंबईत पर्याय नाही. बाकी लेकीचे क्लास, सासूबाईंचं फिजिओ, मंडईतली भाजी, ठाण्याची लग्नं, गणपतीला कोकण, सगळं हिच्यावर. हे ऐकून काहींना वाटतं आम्ही फार पैसेवाले, आणि उरलेल्यांना वाटतं आम्हाला वेड लागलंय. पैसेवाले नाही हे सिद्ध करणं सोपं आहे, कारण गाडी घेतली तेव्हा ती नव्या छोट्या हॅचबॅकपेक्षा स्वस्त पडली. वेडाचं मात्र सविस्तर सांगावं लागेल.

मर्सिडीजने भारतात कंपनी काढली १९९४ मध्ये, आणि १९९५ पासून पुण्यात टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) कारखान्यात गाड्या जुळवायला लागले. मॉडेल होतं डब्ल्यू १२४, आमची ई २२० त्यातलीच. जर्मनीत ते १९८४ च्या अखेरीस आलं होतं आणि आपल्याकडे आलं त्याच वर्षी तिकडे त्याच्या जागी नवीन मॉडेल उभं राहत होतं. 'तिकडचं उष्टं आपल्याला' असं तेव्हा लोक म्हणाले. मला उलट वाटतं. दहा वर्षं लाखो लोकांनी वापरून ज्याच्या खोडी काढल्या, ते यंत्र आपल्याला मिळालं.

आणि 'लक्झरी' म्हणून आपण जिला ओवाळतो, ती तिकडे टॅक्सी होती. जर्मनीत विमानतळाबाहेर याच गाड्यांची रांग लागायची. हिच्या घराण्यातली जुनी, १९७६ ची एक २४० डी ग्रीसमध्ये टॅक्सी म्हणून धावली. ग्रेगोरिओस साचिनिदिस हे तिचे मालक. ४६ लाख किलोमीटर झाल्यावर २००४ मध्ये त्यांनी ती कंपनीच्या संग्रहालयाला देऊन टाकली. शेचाळीस लाख! आणि आमच्या सोसायटीतले काका मला सांगतात, "अगं, पावसात नको काढूस, खराब होईल."

पावसाचंच घ्या. या गाडीला वायपर एकच आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं दुसरा चोरीला गेला. पण तो नुसता अर्धगोल फिरत नाही, फिरता फिरता लांब होतो, वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचतो आणि परत आखडतो. काचेचा ८६ टक्के भाग पुसला जातो. जुलैमध्ये वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर आभाळ फाटलेलं असताना ते बघणं हा वेगळाच आनंद आहे. लेक लहान असताना मागे बसून त्याच्या तालावर पाढे म्हणायची. अर्थात वायपर चांगला आहे म्हणून मिलन सबवेत गाडी घालायची नसते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि पार्ल्यातल्या माणसाला पाण्याबद्दल वेगळं शिकवावं लागत नाही. गाडीचा खरा शत्रू रस्त्यावरचं पाणी नाहीच, आत साठून राहिलेलं पाणी. बॉनेटच्या मागच्या खाचेत झाडाची पानं अडकतात, निचऱ्याची भोकं बुजतात आणि पत्रा आतून सडायला लागतो. कव्हरखाली तर हे आणखी जोरात होतं, कारण कुणी बघतच नाही.

उभ्या गाडीचं काय होतं याची यादी आमच्या मिस्त्रींना तोंडपाठ आहे. बॅटरी बसते, पेट्रोल शिळं होतं, ब्रेकच्या डिस्कवर गंज चढतो, एसीच्या कॉम्प्रेसरचं सील सुकतं आणि गॅस निघून जातो, टायर एका जागी चपटा होतो. आणि मुंबईचे उंदीर! त्यांना वायरिंगची चव कशी कळली देव जाणे, पण उभ्या गाडीच्या बॉनेटखाली संसार थाटायला त्यांना आठवडाही लागत नाही. रोज चालणाऱ्या गाडीला यातलं फारसं काही होत नाही. तिचे भाग झिजतात, पण झीज म्हणजे बुश, ब्रेक पॅड, पट्टे, बदलता येण्यासारख्या गोष्टी. सडलेला पत्रा बदलून मिळत नाही. फक्त स्टेशनपर्यंत आणि परत असं चालवूनही उपयोग नाही, इंजिन पुरतं तापतच नाही. म्हणून रविवारी सकाळी सी लिंकवरून वरळीपर्यंत जाऊन येतो. नवऱ्याच्या मते मी निमित्त शोधते. शोधतेच.

'एवढी मोठी गाडी पार्क कुठे करता?' हा प्रश्न तर ठरलेलाच. मोठी कुठे आहे? हिची रुंदी १ मीटर ७४ सेंटिमीटर. शेजारच्या क्रेटाची १ मीटर ७९, आणि समोरच्या इनोव्हा क्रिस्टाची १ मीटर ८३. लांबीलाही ही आणि इनोव्हा जवळजवळ सारख्या. गाड्या फुगत गेल्या आणि आपल्याला पत्ताही लागला नाही. काचा मोठ्या, खांब बारीक, त्यामुळे चारी कोपरे बसल्या जागेवरून दिसतात. पार्ल्याच्या गल्ल्यांमध्ये रिक्षा, हातगाडी आणि फोनवर बोलत चालणारा माणूस यांच्यामधून ती निघते, तेव्हा मला कॅमेऱ्याची आठवण येत नाही.

टायरही १९५/६५, पंधरा इंची. हा आकार कोपऱ्यावरच्या टायरवाल्याकडे मिळतो. टायरची बाजू जाड असल्यामुळे मुंबई-गोवा हायवेच्या खड्ड्यांत ती दबते आणि परत सरळ होते. आजकालच्या महागड्या गाड्यांना बांगडीएवढे टायर असतात, एका खड्ड्यात फुगा येतो आणि मालक महाडच्या अलीकडे फोन लावत बसतो. हां, मागे तिघं आणि डिकीत गावचे नारळ असले की आमचीही गाडी खाली बसते आणि गावातल्या उंच गतिरोधकावर पोट घासतं. मग सगळे उतरतात. सासूबाई उतरत नाहीत. त्यांचं म्हणणं, बसताना राणीसारखं वाटतं आणि उठताना देव आठवतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्या माणसाला उंच सीटची नवी गाडीच बरी, हे कबूल करायला हवं.

आता खर्च. लोकांना वाटतं पेट्रोलात बुडत असाल. शहरात सात-आठचं ॲव्हरेज मिळतं, हे खरं आहे, आणि वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून थोडं कमीच. जुन्या रबरी नळ्यांना ते इथेनॉल मानवत नाही, म्हणून त्या बदलून घ्याव्या लागल्या. पण आमचं महिन्याचं चालवणंच कमी, त्यामुळे पेट्रोलचं बिल कधी डोक्यावर बसलं नाही. हप्ता नाही, हे विसरू नका.

जातो तो वेळ. सुट्या भागांसाठी ऑपेरा हाऊसच्या दुकानांत फोन, तिथे नसेल तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडला चक्कर, आतल्या पट्ट्या-बटणं हवी असतील तर चोर बाजार, आणि तिथेही नसेल तर जर्मनीहून मागवून वाट बघणं. ओरिजिनल, ओईएम (गाडीच्या कंपनीला भाग पुरवणाऱ्यांचा माल) आणि 'सेम टू सेम' यातला फरक शिकावा लागतो. 'सेम टू सेम' घेऊ नये. त्या काळच्या या पेट्रोल इंजिनांच्या वायरिंगचं आवरण उष्णतेने ठिसूळ होऊन गळतं, हे जगभरच्या मालकांना ठाऊक आहे, म्हणून घेतानाच तो हार्नेस, म्हणजे वायरांचा जुडगा, बदललेला आहे ना ते बघायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मिस्त्री. कॉम्प्युटर लावल्याशिवाय ज्याला आवाज कळतो असा माणूस. आमचे मिस्त्री जोगेश्वरीला एका गाळ्यात बसतात, साठी उलटली आहे, मुलगा या धंद्यात नाही. ते थांबले की काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. जुनी गाडी घ्यायची म्हणून मला इनबॉक्समध्ये विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हेच विचारते, की मिस्त्री कोण? गाडी नंतर शोधा.

बाईमाणूस ही गाडी चालवतंय याचंही लोकांना अप्रूप. हॉलच्या दारात व्हॅलेवाला ड्रायव्हरला शोधत मागची सीट बघतो. पेट्रोल पंपावर 'साहेबांची गाडी का?' असो.

सरकारचं धोरण बघितलं की मात्र हसावं की रडावं कळत नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर वेगळा. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या मोटारीला नूतनीकरणाचे दहा हजार, आणि आयात केलेली असेल तर ऐंशी हजार. आमची पुण्याची म्हणून वाचलो. दुसरीकडे २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी नियम आले. पन्नास वर्षं पूर्ण, मूळ रूपात जपलेली गाडी असेल तर 'व्हीए' अक्षरांची खास नंबर प्लेट. पण ती घेतली की गाडी रस्त्यावर नेहमीसाठी चालवायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. म्हणजे पंधरा ते पन्नास या वयात ती भंगाराची उमेदवार आणि पन्नाशीनंतर पूजेतली मूर्ती. रोज नीट चालणारी, पीयूसी असलेली, सांभाळलेली जुनी गाडी या दोन्हींमध्ये कुठे बसतच नाही. वयाऐवजी अवस्था तपासा, एवढंच माझं मागणं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे बंद झाल्या तेव्हा सगळ्या मुंबईने गहिवरून फोटो टाकले. वापरात होत्या तेव्हा त्यांच्यावर प्रेम करणारे किती होते?

यावर दोन आक्षेप येतात आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. पहिला प्रदूषणाचा. आमची गाडी धुरासाठीचे भारत स्टेजचे (बीएस) नियम येण्याच्या आधीची आहे. एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला, तेवढं संरक्षण तिला आहे. पण २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीशी तिची बरोबरी होऊ शकत नाही. म्हणून रोज पन्नास किलोमीटर चालवणार असाल तर जुनी गाडी घेऊ नका, असंच मी सांगेन. लोकलने ऑफिसला जाणाऱ्या कुटुंबाचं गणित वेगळं.

दुसरा सुरक्षेचा. 'जुन्या मर्सिडीज म्हणजे रणगाडे' हे वाक्य मला अजिबात आवडत नाही. अपघातात पुढचा भाग दबून धक्का झेलावा ही कल्पनाच मुळात या कंपनीच्या बेला बारेन्यी या अभियंत्याची, म्हणजे रणगाड्याच्या नेमकी उलट. १९८४ च्या मानाने डब्ल्यू १२४ खूप पुढे होती. पण बाजूच्या एअरबॅगा नाहीत, घसरताना गाडी सावरणारं ईएसपी नाही, लहान मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे हूक नाहीत. लेक लहान होती तेव्हा तिची सीट पट्ट्याने आवळून बसवायचो आणि दर वेळी हलवून बघायचो. पावसाळ्यात रात्री एक्स्प्रेसवेवरून पुण्याला जायचं असेल तर आम्ही अजूनही भाड्याची नवी गाडी करतो.

यंदा पुन्हा पासिंगचं वर्ष आहे. पुढच्या पाच वर्षांत लेक लायसन्सच्या वयाची होईल, आणि तिला हीच गाडी द्यायची का यावरून घरात आत्तापासून दोन तट पडलेत. मी आणि सासूबाई एकीकडे. नवरा म्हणतो, शिकू दे, पण एकटीने चालवायची गाडी सहा एअरबॅगांचीच असेल. या एका बाबतीत मला त्याच्याशी वाद घालता येत नाही.