बिघडलेलंच हवंय

आमच्या घरात बिघडलेली वस्तू कुणाला बघवत नाही. निवृत्त झाल्यापासून बाबांच्या खिशात पेन नसलं तरी टेस्टर असतो. अशा घरात मी गिटारसाठी पेडल आणलं, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायचा डबा. आवाज फाटका करणारा फझ आणि तो कमीजास्त गाळणारा फिल्टर, दोन्ही एकाच डब्यात.

सुरुवात अडॅप्टरपासून झाली. या पेडलला नऊ व्होल्ट लागतात, आणि पिनेच्या मधोमध निगेटिव्ह, बाहेरून पॉझिटिव्ह. सांगलीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानदाराला हे पटेना.

"मध्ये निगेटिव्ह? तसं नसतंय हो."

"गिटारच्या पेडलला असतंय."

"मग कंपनीचं चुकलंय. डबा द्या, आतनं वायर फिरवून देतो."

बरीच हुज्जत झाल्यावर त्याने डब्याऐवजी अडॅप्टरची वायर कापून उलटी जोडली. वर "जळलं तर इकडं यायचं नाही" हेही ऐकवलं.

घरी पहिला सूर छेडला आणि खालच्या काकूंनी मिक्सर बंद केला. दुसऱ्या सुराला बाबा पाण्याची मोटार बघायला जिना उतरले. तिसऱ्याला वर आले ते टेस्टर उपसूनच. "हे बिघडलंय. बदलून आण."

इतिहास बाबांच्याच बाजूने आहे, हीच तर पंचाईत. १९६०च्या सुमारास अमेरिकेत नॅशव्हिलला एका रेकॉर्डिंगमध्ये मिक्सिंग टेबलाचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनचा बास गिटार फाटक्या आवाजात वाजला. लोकांना तो आवडला! १९६२ साली गिब्सन कंपनीने मेस्ट्रो या नावाखाली तसा आवाज काढणारं फझ-टोन पेडल विकायलाही काढलं. सांगलीत तो बिघाड झाला असता तर मेकॅनिकने तासाभरात काढून टाकला असता आणि जग एका वाद्याला मुकलं असतं.

फझ करतो काय, तर आवाजाच्या लाटेचे शेंडे छाटून सपाट करतो. त्यातून नसते उपस्वर ढिगाने निघतात. मग तार किती जोरात छेडली ते बघून फिल्टर त्यातले काही ठेवतो, काही दाबतो. तार हळू छेडली की "ऊ", जोरात छेडली की "वाँव". खरी गंमत पुढे आहे. फझमधून गेल्यावर हळू काय नि जोरात काय, सगळं एकाच मापाचं होतं. मग फिल्टरला कळणार कसं, कधी तोंड उघडायचं ते? म्हणून चांगल्या पेडलमध्ये फिल्टरचा कान फझच्या आधीच, थेट गिटारला लावलेला असतो. हे मी बाबांना कागदावर आकृती काढून समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वॉरंटी आहे ना?"

त्यात एका संध्याकाळी पेडलमधून गुळाचे भाव ऐकू आले. खरंच! फझ इतका हावरट असतो की लांब वायर अँटेनासारखी वागली तर मध्यम लहरींवरचा रेडिओही पकडतो. आई तेवढ्यापुरती खूश झाली. "हे नीट लागलंय. आता हलवू नकोस."

शेवटी मी डबा, गिटार आणि छोटा अॅम्प घेऊन मिरजेला सतारमेकर गल्लीत गेलो. तिथे तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, कानसून कानसून जवारी, म्हणजे सुराची झणझण, काढतात. तारेखाली सुताचा दोरा केसभर सरकवला की सूर झणझणायला लागतो. म्हटलं, सरळ सूर मुद्दाम खरखरवण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जपणारी माणसं. यांना तरी कळेल.

तिथल्या एका कारागीर चाचांनी हातातला तंबोरा मांडीवर आडवा ठेवला, डोळे मिटले आणि दोन-तीनदा वाजवायला लावलं. मी श्वास रोखून बसलो.

"जवारी आहे," ते म्हणाले. मला भरून आलं.

"पण फार उघडलीय. कुणी कानसली ही?" त्यांनी डबा उलटा केला, स्क्रू चाचपले. "ठेवून जा. गुरुवारी नीट करून देतो."