स्त्रीपर्वातला तो हात

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'हा विलाप अठरा दिवसांची हिंसा धुऊन काढतो' असं मी महाभारतातल्या स्त्रीपर्वावरच्या, म्हणजे युद्धानंतर बायका रणांगणावर विलाप करतात त्या भागावरच्या, लेखात म्हटलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, की महाकाव्यं आधी रक्तपात चवीने रंगवतात, मग बायकांना रडायला बसवून हात झटकतात. शिवाय गांधारी रडते ती आपल्याच मुलांसाठी, आणि साध्या सैनिकांसाठी तर कोणीच नाही.

माझं ते वाक्य चुकलंच. त्या विलापाने काहीही धुऊन निघत नाही. लेखातून ते काढतो आहे.

पण 'हात झटकतात' हे मी मानणार नाही. कौरवांकडून लढणाऱ्या भूरिश्रव्याचं बघा. तो पांडवांकडच्या सात्यकीशी लढत असताना अर्जुनाने मध्येच बाण मारून त्याचा हात तोडला. तो शस्त्र टाकून प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाची वाट पाहत, बसला, तर सात्यकीने त्याचं डोकं उडवलं. स्त्रीपर्वात त्याची पत्नी तो तुटका हात मांडीवर घेते. हाच तो माझी मेखला (कंबरपट्टा) ओढणारा, नीवी (वस्त्राची गाठ) सोडणारा हात, म्हणते. हा श्लोक मम्मटाने 'काव्यप्रकाश' या आपल्या काव्यशास्त्राच्या ग्रंथात घेतला आणि काव्यातल्या रसांच्या चर्चेत तो इतका घोळला गेला, की तिचं पुढचं बोलणं आपण ऐकतच नाही. ती लगेच कृष्णाला विचारते: तुझ्या डोळ्यांदेखत, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्या माणसाला पार्थाने पाडलं, आता सभांमधून अर्जुनाचा हा थोर पराक्रम कसा सांगशील? एवढं बोलून ती गप्प होते. कवीने तिथे कृष्णाला उत्तर दिलेलं नाही. हा रडण्याचा सोहळा नव्हे हो, ही जिंकलेल्यांची उलटतपासणी आहे!

आणि हे सगळं गांधारीच कृष्णाला दाखवत असते. तिला अभिमन्यूची पत्नी उत्तराही दिसते: त्याचं डोकं मांडीवर घेऊन, रक्ताने माखलेले केस हाताने वर सारून, जिवंत असल्यासारखी त्याच्याशी बोलणारी. हा शत्रूचा मुलगा, आणि त्याच्या मृत्यूला गांधारीचा स्वतःचा जावई जयद्रथ कारण झालेला. विराट, द्रुपद या पांडवांकडच्या राजांसाठीही ती थांबते.

साध्या सैनिकांबद्दल मात्र तुमचं खरं आहे. देशोदेशींहून आलेल्या, कोणी वाली नसलेल्या प्रेतांच्या हजारो राशी रचून विदुराने त्या युधिष्ठिराच्या आज्ञेने जाळल्या, एवढंच सांगितलंय. त्यातल्या एकाचंही नाव नाही. त्यांच्या बायका कुरुक्षेत्रावर पोचल्याच नाहीत.