ग्रबी म्हणजे किती घाण?

आमच्याकडे इंग्रजीचा गृहपाठ माझ्या गळ्यात असतो, कारण गणित बायकोनं आधीच बळकावलंय. रंगपंचमीच्या आदल्या संध्याकाळी तिसरीतल्या चिरंजीवांनी वही पुढं केली. ‘ग्रबी’ हा शब्द वापरून वाक्यं करा.

‘‘ग्रबी म्हणजे मळकट.’’

‘‘मळकट म्हणजे?’’

आता आली का पंचाईत! शेवटी त्याचाच शर्ट हातात घेतला. कॉलरच्या घडीत काळी रेघ, बाहीवर लोणच्याचं तेल, खिशाखाली पेन गळलेला. शिवाय त्याच्या नखांत शाळेचं निम्मं मैदान. ‘‘हे ग्रबी.’’ त्याला लगेच कळलं.

दुर्दैवानं आईनंही ऐकलं. ‘‘सरळ कळकट म्हण की!’’ मी म्हटलं, कळकट ते भांडं, ज्याच्या बुडाला किटण चढलंय. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, ‘‘मग गचाळ?’’ गचाळ म्हणजे माझं कपाट, हे तिनंच पूर्वी ठरवलंय. ग्रबी इतकं टोकाचं नाही. न धुतलेलं, वापरून वापरून मळलेलं. शब्द बोलण्यातला, अर्जात शोभत नाही. मुळात ‘ग्रब’ म्हणजे जमीन उकरणं, मातीतल्या अळीलाही तेच म्हणतात. अळी म्हटल्यावर चिरंजीवांना पहिल्यांदाच इंग्रजीत रस वाटला.

‘‘मग उद्या रहाडीतून निघालात की बाबा तुम्ही ग्रबी?’’

आईचं माहेर नाशिकच्या तिवंध्याचं. ‘‘आमच्या रहाडीला घाण म्हणतोस?’’ पुढची पंधरा मिनिटं पेशवाईत गेली. रहाड म्हणजे रंगाचा हौद; वर्षभर बुजवून ठेवलेला तो हौद रंगपंचमीला कसा उघडतात, पूजा कशी होते, मग लोक त्यात उडी घेऊन धप्पा कसा मारतात, सगळं झालं. मी निकाल दिला: रहाडीत माणूस रंगतो, मळत नाही. शर्ट मात्र दोन्हीकडून जातो, हे बायकोचं मत नोंदवून घेतलं.

तीन वाक्यं शर्ट, नखं आणि माझ्या स्कूटरवर निघाली. चौथ्यात मी जरा विद्वत्ता दाखवली. इंग्रजीत लाचलुचपतीच्या, हलक्या व्यवहारांनाही ग्रबी म्हणतात, तेव्हा ‘नगरसेवकांचे व्यवहार ग्रबी असतात’ असं लिहून दिलं.

बायकोनं खोडरबर आणलं. मिसचे मिस्टर आमच्याच प्रभागातून इच्छुक आहेत म्हणे.